वाळू पडत असताना पुदुच्चेरी

समुद्राची सहल ठरवायला आलेली माणसं काय काय विचारतात ते मला पाठ झालंय. खोली एसी आहे का, जेवण आपल्यासारखं मिळेल का, परतीचं तिकीट कन्फर्म आहे का. ज्या किनाऱ्यासाठी एवढ्या लांब जायचं, तिथे सध्या काय काम चालू आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. ते मी विचारतो. सांगलीत गावभागात माझं सहलींचं ऑफिस आहे. कोकण तर आमचं नेहमीचंच, पण हरिपूरच्या ज्येष्ठ मंडळींचा एक गट पुदुच्चेरीला न्यायचा ठरला, तेव्हाची ही गोष्ट.

पुदुच्चेरी आपल्याला वाटते तितकी आडवाटेला नाही. दादरहून सुटणारी चालुक्य एक्सप्रेस मिरजेवरून थेट पुदुच्चेरीला जाते. मिरजेत बसलं की गाडी बदलायची भानगड नाही, सामान उचलाउचल नाही. तीसेक माणसं, त्यात गुडघ्याची ऑपरेशनं झालेल्या दोन काकू. अशा गटाला हे फार सोयीचं पडतं. मंडळींची मागणी एकच होती. समुद्राची ओटी भरायची आणि पाय भिजवायचे.

निघण्याआधी मी हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, ड्रेजर आलाय, म्हणजे तळाची वाळू उपसणारं जहाज, पाइप टाकलाय, वाळू पडतेय. आता एखादा टूरवाला इथे पुदुच्चेरी रद्द करून थेट रामेश्वरम गाठेल. मला ते पटत नाही. हे काम म्हणजे किनाऱ्यावर आलेली अडचण नव्हे. किनारा जो काही उरलाय तो या कामामुळेच.

तिथली हकिगत अशी. पूर्व किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेला ढकलत नेतात. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या काळात थोडी वाळू उलटी दक्षिणेला येते, पण गोळाबेरीज उत्तरेचीच. १९८०च्या दशकात शहराच्या दक्षिणेला, अरियानकुप्पम नदीच्या मुखाशी बंदर झालं आणि समुद्रात दगडी बांध गेले. वाळूची वाट अडली. बांधाच्या दक्षिणेला किनारा फुगत गेला आणि उत्तरेला, म्हणजे नेमका शहरासमोरचा, समुद्रानं खाल्ला. कितीतरी वर्षं तिथल्या माणसांनी किनारा म्हणून फक्त काळे दगड बघितले. मग चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार २०१८-१९च्या सुमारास पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक मोठा पोलादी बांध बसवला, वरून वाळू टाकली, आणि गांधी पुतळ्याच्या बाजूला पुन्हा चालण्याजोगी पुळण तयार झाली. बंदराच्या तोंडाशी साचणारी वाळू उपसून पाइपनं उत्तरेला टाकायची, हा त्याच उपायाचा भाग. समुद्र जी वाळू स्वतः नेऊन टाकत होता, ती आता पंपानं न्यावी लागते.

मॅनेजरला मी तीन गोष्टी विचारून घेतल्या. पाइपचं तोंड नेमकं कुठे आहे, ते कोणत्या दिशेला सरकवत नेणार आहेत आणि आधी टाकलेली वाळू कुठवर बसली आहे. असं काम सगळा किनारा एका वेळी अडवत नाही. एक तुकडा बंद असतो, तो भरला की पाइप पुढे जातो. ड्रेजर उभा ठेवणं महाग, म्हणून काम बहुधा रात्रंदिवस चालतं. त्यामुळे ‘सकाळी लवकर जाऊ, काम सुरू व्हायच्या आत उरकू’ हा हिशेब तिथे लागू पडत नाही. तुकडा कोणता, हे कळणं महत्त्वाचं. पाइप शहरासमोरच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला होता. म्हणून मी ठरवलं, पहिल्या दिवशी दुपारी चुन्नंबारच्या बोट हाउसवरून बोटीनं पॅराडाइज बीच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधी पुतळ्याजवळ ओटी. समुद्राकडेचा गुबेर अव्हेन्यू संध्याकाळपासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो. म्हाताऱ्या माणसांना रस्ता मोकळा मिळतो, ही मोठी सोय.

पहिल्या दिवशी पॅराडाइज बीचवरून परतलो आणि मंडळींनी हट्ट धरला, काम तरी दाखवा. नेलं. दक्षिण टोकाला रस्त्याच्या कडेनं उभे राहिलो. समोर माणसाच्या कमरेएवढा जाड पाइप, त्याच्या तोंडातून काळपट पाणी धो धो पडत होतं. त्यात पाणीच जास्त, वाळू कमी, पातळ पिठल्यासारखी. पाणी समुद्राकडे ओघळत होतं, वाळू मागे राहत होती आणि बुलडोझर ती पसरत होता. वास कुबट. ही वाळू सुरुवातीला काळी दिसते, चिखल आणून टाकलाय असं वाटतं, पण ऊन-वारा लागला की रंग उतरतो. एका काकूंनी नाकाला पदर लावला तो काढलाच नाही.

आमच्यात एक तात्या होते. उमेदीची वर्षं त्यांनी कृष्णेत वाळूच्या बोटीवर काढलेली. बाकीचे फोटो काढत होते, हे कठड्याला टेकून नुसते बघत होते. मला म्हणाले, “ती कडंची वाळू बघा. वरनं टनक दिसती, आत पानी हाय. अजून बसली न्हाई ती. माणूस गेला की रुतला.”

आणि तसंच झालं. आमच्या गटातलं कुणी नव्हतं. दुसऱ्याच कुठल्या गटातला एक तरुण लाल पट्टी ओलांडून सेल्फीसाठी खाली उतरला. चार पावलं नीट गेला, पाचव्याला गुडघ्यापर्यंत आत. घाबरून त्यानं दुसरा पाय जोरात टाकला, तोही गेला. त्याचे मित्र धावायला लागले, तसे तात्या असे ओरडले की सगळे जागीच थांबले. “कुणी जाऊ नगा! बस खाली! मागं रेल!” भाषा त्याला कळली नसेल, हातवारे कळले. तो मागे रेलून बसला. मी हिंदीतून सांगत राहिलो, पाय ओढू नकोस, हळूहळू हलव, बाजूनं पाणी आत जाऊ दे. तेवढ्यात कामावरचा एक माणूस फळी घेऊन आला, ती आडवी टाकली आणि त्यावरून त्याला बाहेर घेतला. चप्पल आतच राहिली. कामावरच्या माणसानं त्याला तमिळमध्ये जे सुनावलं त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

चहाच्या गाड्यावर तात्या बराच वेळ बोलत होते. धोम झालं, कोयना झाली, तशी नदीत नवी वाळू यायची कमी झाली, आणि जी होती ती आम्हीच उपसली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, आपली कृष्णा शेवटी याच समुद्राला मिळते, आंध्रात हंसलदीवीला. वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. वाळू धरणांच्या पोटात बसते आणि तिकडे मुखाशी किनारा खचतो. तात्या म्हणाले, “म्हंजे हितं बंदरानं आडवली, तिथं धरनानं.” मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गांधी पुतळ्याजवळच्या पुळणीवर उतरलो. तिथली वाळू केव्हाच बसलेली, पायाखाली घट्ट. तरी तात्या पुढे चालले, काठी टोचत, आणि गुडघेवाल्या काकू त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत मागून. नव्यानं भरलेल्या पुळणीला लाटा पायथ्याशी कातरतात आणि सरळ उभा कडा तयार होतो. कधी तो कमरेएवढाही असतो. तसा कडा नसलेली, सपाट उताराची जागा बघून ओटी भरली. पाण्यात घोट्याच्या वर कुणाला जाऊ दिलं नाही. तिथला समुद्र पोहण्याचा नाही, ओढ फार वाईट आहे, आणि हे मी प्रत्येक गटाला गाडीतच बजावतो.

आता कोकणच्या सहलीलाही मी हीच चौकशी करतो. कुठे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम, कुठे गाळ काढणं. वेळासला कासवांसाठी माणसं न्यायची तर प्रश्न वेगळे, कारण मादी अंडी घालते त्या दिवसांत पुळणीवर यंत्र फिरवणं म्हणजे घरटीच चिरडणं. पुदुच्चेरीच्या बाजूलाही जानेवारी ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं येतात. तेव्हा काम कुठे थांबवलंय हे मी आवर्जून विचारतो, आणि थांबवलं असेल तर मला बरं वाटतं.

पुढचा गट मिरजेचा आहे. तारीख पक्की करण्याआधी मॅनेजरला फोन झाला. ड्रेजर अजून आहे आणि पाइप उत्तरेला सरकवणार आहेत. म्हणून या वेळी गांधी पुतळ्याची पहाट पहिल्याच दिवशी घेतली आहे, पॅराडाइज बीच नंतर. तात्यांनी स्वतःहून नाव दिलंय. म्हणाले, पाइप कुठवर गेला ते बघायचंय.