कमाटी बागेत इटालियन

आज इटालियनचा वर्ग वह्यांशिवाय, थेट बडोद्याच्या कमाटी बागेत घेतला. खेळ होता ‘स्त्रेगा कोमांदा कोलोरे’, इटलीतली पोरं खेळतात तोच. ज्याच्यावर राज्य तो चेटकीण. चेटकिणीने रंग पुकारला की पकडलं जायच्या आत त्या रंगाच्या कशाला तरी हात लावायचा. ‘वेर्दे!’ म्हटल्याबरोबर सगळे हिरवळीवर लोळले. ‘जाल्लो!’ला मात्र एकीच्या पिवळ्या फ्रॉकवर झुंबड! बाकावरच्या आज्या ‘अरे, पडाल!’ म्हणून ओरडत होत्या.

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो उच्चारांचा. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य, म्हणजे जीभ दातांना लावून म्हणायचे, आणि ‘पक्का’ म्हणताना देतो तसाच जोर ‘रोस्सो’त (म्हणजे लाल) लागतो. घरी मराठी, बाहेर गुजराती बोलणाऱ्या या मुलांना ते शिकवावंच लागलं नाही. पाच-सहा वर्षांच्या पोरांसमोर व्याकरणाचे तक्ते ठेवणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

महाराजा सयाजीरावांनी फेलिची या इटालियन शिल्पकाराकडून बडोद्यासाठी शिल्पं करवून घेतली होती. त्यातली काही लक्ष्मी विलास राजवाड्यात आहेत. पुढच्या रविवारी मुलांना ती दाखवायला न्यायचंय. कुणाचे आईबाबा सोबत येणार असतील तर आजच कळवा.