आधी व्हायोलिनं रडतात

शुक्रवार, रात्री उशिरा

आज प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचं नाव परीक्षणात येईलच, इथे नको. एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. नायिकेला वडील गेल्याचं फोनवर कळतं. ती फोन ठेवते, टेबल पुसायला घेते आणि पुसलेली जागाच पुन्हा पुसत राहते. त्या बाईनं काय काम केलंय! पण तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत व्हायोलिनं रडायला लागली. मग कोरस. मग तबला, का ते देव जाणे.

हल्लीच्या चित्रपटांबद्दल माझी मोठी तक्रार कथेची नाही, लांबीचीही नाही. पार्श्वसंगीत थांबतच नाही, ही आहे. यामागे एक धंद्यातली सवयही आहे. संकलन चालू असताना दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. सगळ्यांच्या कानाला त्याची सवय होते आणि मग संगीतकाराला सांगितलं जातं, ‘असंच काहीतरी दे.’ म्हणून दहा चित्रपटांतलं दुःख एकाच पट्टीत ऐकू येतं.

शनिवार

कान धुवायला ‘कुंकू’ लावला. प्रभातचा, 1937 चा, व्ही. शांताराम यांचा. अख्ख्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही! जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. गाणी आहेत, पण ती पात्रांच्या तोंडची. बोलपट येऊन उणीपुरी सहा वर्षं झालेली, पडदा गाण्यांनी भरून वाहत असलेला, अशा काळात हा निर्णय घ्यायला छाती लागते.

नीराला फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलंय आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांचा तो नकार आजही अंगावर येतो, कारण त्याला कुणी वाजवून दाखवत नाही. ती गप्प उभी राहते आणि आपल्याला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. त्या वकिलाचं, काकासाहेबांचं, सरत चाललेलं वय त्या घड्याळात आहे. केशवराव दात्यांनी हा माणूस खलनायक होऊ दिलेला नाही. त्याची कीव येते, रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी. (मधेच नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. तो भाग मला आजही जरा चिकटवलेला वाटतो.)

रविवार

‘कुंकू’चा शेवट मात्र पटत नाही. 1937 सालच्या चित्रपटाचा शेवट फोडला म्हणून कुणी भांडायला येऊ नये. काकासाहेबांना उपरती होते, नीराला मोकळं करणारं पत्र लिहून ते आत्महत्या करतात. इतका वेळ ताठ उभ्या राहिलेल्या मुलीची सुटका शेवटी म्हाताऱ्याच्या मोठेपणावर! प्रश्न नीरानं विचारला, उत्तर मात्र नवऱ्यानं देऊन टाकलं. आजच्या कुणा दिग्दर्शकानं असा शेवट केला असता, तर आम्ही सगळे तुटून पडलो असतो. जुन्याला ही सूट का? अभिजात म्हटलं की आमच्यातले बरेच जण पेन बंद करून हात जोडतात. त्यानं चित्रपटाचा मान वाढत नाही, तो फक्त कपाटात जातो.

आणि ही अभिजातता तरी कुठे अढळ असते? ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी आजवरचा सर्वोत्तम चित्रपट कोणता, यावर समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट वर होता. 1962 ते 2002 ‘सिटिझन केन’ हललाच नाही. 2012 मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’नं त्याला खाली खेचलं, तोच ‘व्हर्टिगो’ ज्याचं 1958 मध्ये स्वागत थंडच झालं होतं. चित्रपटातली एकही फ्रेम बदलली नव्हती, बदलले ते मत देणारे.

2022 मध्ये पहिला आला बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमनचा ‘झान दिएलमन’, 1975 चा, 201 मिनिटांचा. एक विधवा घरकाम करते, बटाटे सोलते, भांडी घासते, आणि हळूहळू काहीतरी बिनसत जातं. इथेही पार्श्वसंगीत नाही. दिव्याच्या बटणाचा आवाज, नळाचं पाणी, जिन्यावरची पावलं. रोज जमणारं काम एक दिवस जमेनासं होतं, एवढ्यानं छातीत धडधडतं, कारण तोवर तिच्या कामाची लय आपल्या अंगात भिनलेली असते. वर संगीत असतं, तर बटाटे जास्त शिजल्याची भीती वाटलीच नसती.

तरी पहिला क्रमांक मी त्याला दिला नसता. पहिल्या दहांत नक्की. माझ्या लेखी वरची जागा अजून ‘बायसिकल थीव्ह्ज’ची आहे, आणि गंमत म्हणजे त्याला पार्श्वसंगीत आहे, तेही चांगलं भरघोस.