तिला जांभळा लागतो

दीड वर्षाच्या आतलं मूल तोंडातलं अर्धं चघळलेलं बिस्किट काढून आपल्या तोंडात कोंबतं, तेव्हा घरभर त्याच्या दिलदारपणाचं कौतुक होतं. मला मात्र शंका येते, की या देण्यात आपला विचार कितपत झालाय? त्याला बिस्किट आवडतं, म्हणजे सगळ्या जगाला आवडतं. विषय संपला.

ही समजूत कधी सुटते, हे बेटी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पाहिलं. मुलांसमोर दोन वाडगे. एकात खारी बिस्किटं, दुसऱ्यात कच्ची ब्रोकोली. बहुतेक मुलांचा कौल अर्थातच बिस्किटांना. मग समोरच्या बाईंनी बिस्किट चाखून तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन 'अहाहा' केलं आणि हात पुढे करून थोडं मागितलं. १४ महिन्यांची मुलं बिस्किटच देत राहिली. १८ महिन्यांच्या मुलांनी मात्र ब्रोकोली दिली. स्वतः त्या हिरव्या प्रकाराकडे ढुंकून न बघणारं मूल जणू म्हणत होतं, तुला हेच हवंय ना, घे बाई.

अवघ्या चार महिन्यांचं अंतर. इतरांना भेटवस्तू म्हणून आपल्याच आवडीची पुस्तकं देणारी मोठी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांचं काय बिनसलं, देव जाणे.

पण दरवेळी कोणी तोंड वाकडं करून दाखवत नाही. मग मुलं हाताकडे बघतात. तमार कुशनीर, फे शू आणि हेन्री वेलमन यांच्या २०१० सालच्या अभ्यासातली गंमत मला जास्त भावते. खोक्यात एका प्रकारची खेळणी मोजकी, दुसऱ्या प्रकारची ढीगभर. समोरच्या व्यक्तीने त्या मोजक्यांतलीच पाच वेचून काढली, तर २० महिन्यांचं मूलही ताडतं, की हिला हीच आवडतात. तीच पाच उचलली, पण खोकं त्याच खेळण्यांनी भरलेलं असलं, तर मूल तसं धरून चालत नाही. ढीग ज्याचा आहे तेच हाताला लागणार, त्यात आवडीचा काय संबंध? गणित शिकायच्या कितीतरी आधीचं हे गणित. "मला काहीही चालेल" म्हणणाऱ्या पाहुण्याची खरी आवडसुद्धा घरातलं पोरच आधी ओळखत असणार, असा माझा संशय आहे.

आता आवड कळली म्हणजे माया आली, असं मात्र नाही. चित्रं काढत बसलेल्या दोन चिमुरड्या एकदा बघत होते. खडूंचा डबा एकच. थोरलीने, म्हणजे असेल चार-पाच वर्षांची, जांभळा खडू उचलून मांडीखाली सरकवला. तिचं चित्र तर सगळं हिरवं-पिवळं. "तुला कशाला गं जांभळा?" मी विचारलं.

"मला नकोय. तिला लागतो."

मग धाकटीकडे वळून, अगदी गोड आवाजात, "आधी तुझी बाहुली दे, मग देते."

धाकटीने क्षणभर विचार केला, बाहुली पाठीमागे घेतली आणि फूल निळ्याने रंगवायला घेतलं. थोरलीचा चेहरा पडला. सौदा फिसकटला होता, आणि बाहुलीची आवड आता दोघींनाही कळून चुकली होती.