परपोषी म्हणजे कोण कोणाला पोसतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या पाठीशी आहे. "मॅडम, परपोषी म्हणजे दुसऱ्याला पोसणारा, का दुसऱ्यानं पोसलेला?" त्याला लागूनच दुसरा येतो, "म्हणजे परजीवीच की!" मुलं विचारतात, त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आया विचारतात. परवा कोल्हापुरात रंकाळा तलावावर माझाच एक जुना विद्यार्थी भेटला, त्यानं आता आपल्या मुलीसाठी विचारलं.

पहिली शंका अगदी रास्त आहे. पोसतो तो पोशिंदा, हे आपल्या कानात घट्ट बसलेलं असतं. त्यामुळे 'परपोषी' ऐकलं की लोकांना जेवू घालणारा कुणी भला माणूस डोळ्यांसमोर येतो. संस्कृतातही या गोंधळाची गंमत आहे. तिथं कावळ्याला परभृत् म्हणतात, दुसऱ्याची पिल्लं वाढवणारा म्हणून. आणि कोकिळेला परभृत, दुसऱ्यानं वाढवलेली म्हणून. एका हलन्ताचा फरक! विज्ञानाच्या पुस्तकातला परपोषी कोकिळेच्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्यावर पोसला जाणारा. पण हा दाखला मी वर्गात इथंच थांबवते, कारण कोकिळा आली की फुकटेपणा आला, आणि तिथूनच दुसरा घोटाळा सुरू होतो.

स्वयंपोषी आणि परपोषी ही जोडी एकच गोष्ट विचारते: शरीर बांधायला लागणारा कार्बन तू कुठून आणलास? हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतः अन्न रचलंस, तर स्वयंपोषी. दुसऱ्या सजीवानं रचलेलं अन्न घेतलंस, तर परपोषी. बस्स. स्वयंपोषी या अर्थाचा 'ऑटोट्रोफ' हा शब्द आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1892 मध्ये रूढ केला. 'ट्रोफे' म्हणजे ग्रीकमध्ये पोषण. याच फ्रँकनं 1885 मध्ये झाडांची मुळं आणि बुरशी यांच्या सोबतीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं होतं. झाडं जमिनीखाली कुणाकुणाची मदत घेतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. स्वयंपोषी म्हणजे कुणाचीच गरज नसलेला, असा अर्थ काढू नका.

आमच्या आबांशी माझा यावरूनच वाद झाला होता. उसाचा फड समोर, आणि मी सांगतेय की ऊस आपलं अन्न हवेतून करतो. आबा म्हणाले, "मग आम्ही खत घालतोय ते काय वाया चाललंय व्हय?" वाया नाही. पण खत हे उसाचं जेवण नव्हे. नत्र, स्फुरद, पालाश ही त्याच्या स्वयंपाकाला लागणारी सामग्री आहे. शिधा हवेतून आणि पाण्यातून येतो. वान हेल्मोंट या जुन्या काळच्या युरोपियन शास्त्रज्ञानं विलो या झाडाचं रोप कुंडीत 5 वर्षं वाढवलं. 5 पौंडांचं रोप 169 पौंडांवर गेलं आणि 200 पौंड कोरड्या मातीतली जेमतेम 2 औंस कमी झाली. त्याला वाटलं, सगळं पाण्यातूनच आलं; हवेचा वाटा पुढं इतरांनी शोधला. काहिलीत रटरटणाऱ्या रसातली साखर घ्या. तिच्यातला कार्बन कधीतरी वाऱ्यावर होता. हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

'स्वयंपोषी म्हणजे हिरवं' हेही पाठ करू नका. त्याच फडात आबा युरिया टाकतात. त्याचा अमोनिया होतो, आणि त्याचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास जीवाणू त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर स्वतःचं अन्न रचतात. मातीच्या अंधारात, उन्हाचा कवडसा न बघता. तेही स्वयंपोषीच.

आता परजीवी. परसातल्या आमच्या हापूसवर बांडगूळ आलं होतं. आबांनी कोयत्यानं फांदी उतरवली तेव्हा मी ती सांध्यावर चिरून बघितली. आंब्याची फांदी तिथं गाठीसारखी फुगलेली, आणि बांडगुळाचं लाकूड तिच्यात असं शिरलेलं की एकाची हद्द कुठं संपते ते बोटानं दाखवता येईना. पुढची फांदी मात्र रोडावलेली. बी तिथं पोचतं ते पाखरांमुळे. फुलटोच्यासारखा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी सहजी सुटत नाही, आणि तो ते फांदीला पुसून टाकतो.

पण त्याची पानं बघा, जाडसर आणि हिरवीगार. बांडगूळ आंब्याकडून पाणी आणि क्षार ओढतं, आणि अन्न बरंचसं स्वतः करतं. म्हणून ते अर्धपरजीवी. ज्याचं नाव आपण आयतोबाला शिवी म्हणून वापरतो, ते झाड उन्हात राबत असतं. कुंपणावरची पिवळी अमरवेल वेगळी: पानं जवळजवळ नाहीतच, शोषक मुळं यजमानाच्या, म्हणजे ज्या झाडावर ती वाढते त्याच्या, खोडात घुसवून ती तयार अन्नच ओढते. ती पूर्ण परजीवी.

म्हणजे परपोषी हे मोठं घर आणि परजीवी ही त्यातली एक खोली. शेजारच्या खोलीत मृतोपजीवी, म्हणजे मेलेल्या, कुजणाऱ्या गोष्टींवर जगणारे. गुऱ्हाळाजवळ चिपाडाचा जुना ढीग उकरलात तर आत पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसेल. ती बुरशी पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. तिसऱ्या खोलीत आपण, गाय, वाघ, खाऊन आत पचवणारे. परजीवीपणात जिवंत यजमान लागतो आणि त्याचं नुकसान व्हावं लागतं. भाकरी खाणारा माणूस ज्वारीचा परजीवी होत नाही.

शाळेत असताना एका बाईंनी भर वर्गात एका मुलीला, फी भरता येत नव्हती म्हणून, 'परपोषी' म्हटलं होतं. ती माझ्याच बाकावर बसायची. तिची मान खाली गेलेली मला आजही दिसते. म्हणून मी हा शब्द इतका जपून शिकवते. वर्गातली प्रत्येक मुलगी परपोषी होती, आणि बाईही.

रंकाळ्यावर हे सगळं ऐकून त्या विद्यार्थ्याच्या छोट्या मुलीनं विचारलं, "मग कावळा? तो तर पोसतो ना?" कोकिळेची पिल्लं वाढवतो खरा, पण खातो दुसऱ्यानं रचलेलंच. वहीत त्यालाही परपोषीच लिही, म्हटलं.