जेवणाच्या टेबलावरचे सोवळे

फ्रेंच माणूस म्हणजे स्वच्छंदी, ही आपल्याकडची समजूत ल्यों शहरात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली घेऊन राहू लागल्यावर माझ्यापुरती निकालात निघाली. क्रुआ-रूसच्या टेकडीवरचे ते घर रेशीम विणणाऱ्या कारागिरांसाठी बांधलेले. उंच मागांसाठी छत चार मीटरवर नेलेले असल्यामुळे खोल्या मोकळ्याढाकळ्या वाटत. जेवणाच्या टेबलाशी मात्र माझ्या आजीच्या सोवळ्याओवळ्याची आठवण व्हावी इतके दंडक होते, आणि त्यांतला एकही मादाम उघडपणे सांगत नसत.

पावाला वेगळी बशी नसते. तो ताटलीच्या डाव्या बाजूला थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा. खरकट्याच्या धाकात वाढलेल्या मला ते पाहून कसेसे होई. पण तोच पाव कोणी पालथा ठेवला, तर मादाम बोलणे न थांबवता हात लांब करून तो सुलटा करीत. पूर्वी बेकरीवाले जल्लादासाठीचा पाव पालथा करून बाजूला ठेवत, असे त्यांनी पुढे कधीतरी सांगितले. लेट्यूसचे पान सुरीने कापायचे नाही, काट्याने घडी घालून तोंडात न्यायचे. कारण जुन्या काळी व्हिनेगरने सुरीची पाती काळवंडत. आता पाती स्टेनलेस स्टीलची आहेत. कारण गेले तरी नियम राहतो, हे आपल्याला का कोणी शिकवायला हवे?

खरी परीक्षा चीजची. ते मुख्य पदार्थानंतर आणि गोडाच्या आधी येते. ब्री या मऊ चीजच्या त्रिकोणी तुकड्याचे टोक आडवे कापून घेणे म्हणजे असभ्यपणाची कमाल, कारण टोकाकडचा भाग सर्वांत चांगला मानला जातो आणि तो एकट्याने लाटायचा नसतो. सुरी टोकापासून कडेपर्यंत लांबट चालवायची, म्हणजे गाभाही सर्वांच्या वाट्याला येतो आणि कडेची सालही. सॅं-मार्सेलॅं या चीजची तळहाताएवढी चकती पिकली की इतकी पातळ होते की सुरी लागताच ओघळू लागते, आणि तो ओघळ पावाने अडवण्याची मादामची लगबग बघण्यासारखी असे. चीजची फळी टेबलाभोवती एकदाच फिरते; दुसऱ्यांदा मागणे म्हणजे आधीचे जेवण पुरले नाही असे सुचवणे.

आग्रह हा प्रकार तिथे नाही. आपण पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते ‘आणखी एकदा विचारा’ या अर्थाने. मादामच्या लेखी नको म्हणजे नको, आणि भांडे पुढच्या माणसाकडे सरकलेले असे. यात रुक्षपणा आहे असे मला सुरुवातीला वाटे. पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ही रीत आहे, असे आता वाटते. तरी पोटभर आग्रह करून घेण्याचे सुख त्यात नाही, हेही खरेच.

एका रविवारी मी त्यांना ताट वाढले. मीठ-लिंबू, डावीकडे चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वरण-भात, पोळी आणि वाटीत श्रीखंड. कशाची जागा कुठे, हे ठरलेले असते म्हटल्यावर त्यांना फार बरे वाटले. मात्र सगळे एकदम वाढलेले पाहून त्या गोंधळल्या आणि त्यांनी आपला क्रम लावला: आधी कोशिंबीर संपवली, मग भाजी, मग वरण-भात. पोळी अधूनमधून नुसतीच तोडून खाल्ली. श्रीखंडाशी पोचल्या तेव्हा चमचा हातात धरून थांबल्या. त्यांच्याकडे फ्रोमाज ब्लां हे ताजे चीज कोणी चीजच्या पाळीत खातो, तर कोणी साखर घालून गोड म्हणून. इथे तर टांगलेल्या दह्याचा चक्का, शिवाय साखर आणि केशर. हे नेमके कोणत्या पाळीत बसवायचे, यावर कॉफी येईपर्यंत चर्चा झाली. शेवटी त्यांनी ते चीज ठरवले आणि गोड म्हणून कपाटातून चॉकलेट काढले.