तुम्ही विचारलंत म्हणून: मन थाऱ्यावर नसताना काय ऐकायचं?

मी गाणं शिकवते, त्यामुळे लोक सुराबद्दल, तालाबद्दल विचारणार हे धरूनच चालते. पण अलीकडे सगळ्यात जास्त कानावर येणारा प्रश्न वेगळाच आहे: "ताई, मन फार अस्वस्थ असतं हो. कोणतं संगीत ऐकू?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या रागाचं नाव हवं असतं, डॉक्टरांनी कागदावर गोळीचं नाव लिहून द्यावं तसं. मी नाव सांगत नाही, मग काहींचा हिरमोड होतो. म्हणून एकदा सविस्तरच सांगते.

आधी मी उलट विचारते, की काय होतंय नेमकं? छातीत धडधडतंय, डोकं भणभणतंय, एका जागी बसवत नाही? की अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही? या दोघांना एकच गाणं कसं लागू पडेल?

धडधडत्या मनाला लोक हमखास "शांत" काहीतरी लावून देतात. बासरी, झुळझुळतं पाणी, मधूनच घंटा. आणि मग सांगतात की चिडचिड उलट वाढली. वाढणारच! आत द्रुत, म्हणजे जलद चाललंय आणि कानावर अतिविलंबित, म्हणजे फारच संथ पडतंय, कुठे जुळायचं त्यांनी? अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा ऑल्टशुलर यांनी १९४०च्या दशकात रुग्णांबरोबर काम करताना हेच पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की रुग्ण आत्ता ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणारं संगीत आधी ऐकवा आणि मग हळूहळू हव्या त्या दिशेला वळवा. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात आणि ते आजही वापरात आहे.

मला ते लगेच पटलं, कारण मैफलीत आम्ही बरोबर याच्या उलट जातो. विलंबित ख्याल, मग मध्यलय, मग द्रुत, जमलं तर तराणा. समोरचा निवांत बसलेला असतो, त्याला चढवत न्यायचं असतं. तणतणत आलेल्या माणसाला उतरवत आणायचं, तर जिना तोच, फक्त वरून खाली.

कामावरून थेट शिकायला येणारी एक विद्यार्थिनी आहे. येते तेव्हा खांदे कानांना भिडलेले, बोलणं असं की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. तिला आल्याआल्या खर्ज, म्हणजे खालचा खोल सूर लावायला सांगितला तर आवाज थरथरतो, श्वास मध्येच तुटतो. म्हणून मी तिला आधी पाठ असलेले पलटे, म्हणजे सरावाच्या ठरावीक स्वररचना म्हणायला लावते, दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात, तबल्याच्या ठेक्याबरोबर, चांगले खणखणीत. डोकं चालवायची गरज नसलेले, नुसते गळ्यातून धावणारे पलटे. मग तेच बरोबरीच्या लयीत. मग ठेका बंद, फक्त तानपुरा. मग पलटेही सोडायचे आणि एकेका स्वरावर थांबायचं. मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत पोचेतो खांदे खाली आलेले असतात. "खांदे सैल सोड" असं मला म्हणावंच लागत नाही.

नुसतं ऐकणाऱ्यांनीही असंच करावं. चार-पाच गाणी निवडा. पहिलं तुमच्या आतल्या वेगाचं, अगदी धांगडधिंगा असला तरी चालेल. पुढचं प्रत्येक थोडं संथ, थोडं कमी वाद्यांचं. शेवटचं असं, की ज्यात फारसं काही घडतच नाही. ही यादी मन ठीक असताना करून ठेवा. ऐन घालमेलीत गाणी शोधायला बसलात तर फोनवर भलतीकडेच पोचाल.

गळून गेलेल्या मनाची चाल उलटी असते, संथाकडून हळूहळू हालचालीकडे. इथे "रडकी गाणी ऐकू नकोस" म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. उदास सुरात फार मोठी सोबत असते. मी फक्त एवढंच बघायला सांगते, की गाणं संपल्यावर कसं वाटतंय? रडून मोकळं वाटलं तर उत्तमच. पण तेच गाणं पुन्हा पुन्हा लावताय आणि दर वेळी डोक्यात तेच दळण सुरू होतंय, तर ते बंद करून उठायचं. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडालेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. तिथे माझ्या तानपुऱ्याचं काम नाही.

"पण यानं खरंच काही होतं का, की मनाचे खेळ?" हाही प्रश्न येतोच. (मनासाठीच तर चाललंय, मनाचे खेळ झाले तर बिघडलं कुठे, असं माझ्या जिभेवर येतं, ते जाऊ दे.) वैद्यकीय पुरावे काटेकोरपणे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०१७ साली नैराश्यावरच्या संगीतोपचाराचा आढावा घेतला होता. त्यात ९ अभ्यास आणि ४२१ माणसं होती. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली, तर निदान थोड्या काळापुरती लक्षणं जास्त कमी होतात असं त्यातून दिसलं. यातला "जोड" हा भाग लोक सोयीनं विसरतात. निद्रानाशावरचा त्यांचा २०२२चा आढावा १३ अभ्यासांचा, एक हजाराहून थोड्या जास्त लोकांचा आहे. रोज २५ ते ६० मिनिटं ध्वनिमुद्रित संगीत ऐकणाऱ्यांना आपली झोप सुधारल्यासारखी वाटली. यात चमत्कार काही नाही, पण फुकाची गोष्टही नाही.

तरी मला विचाराल तर ऐकण्यापेक्षा गुणगुणणं बरं. कारण साधं आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. लांब सूर लावायचा म्हणजे श्वास लांबवर सोडायचा. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि "ओम् मणि पद्मे हुम्" हा मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली होती. एरवी ती याच्या दुपटीहून जास्त असते.

गुणगुणायचं कसं? ताठ पण सैल बसा. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांना टेकलेले नकोत. तुम्हाला आरामात लागेल असा खालचा सूर धरा. आपला खर्ज किती खोल जातो हे दाखवायला कुणी बोलावलेलं नाही. "म्" म्हणत राहा आणि तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवा. सूर बरोबर खालच्या जागी असेल तर तिथे हाताला बारीक गुंजन लागतं. नाही लागलं तर जरा वरखाली करून पाहा. श्वास संपत आला की शेवटचा थेंब पिळून काढू नका, सोडून द्या. पुढचा श्वास नाकानं आपसूक आत येतो, त्याची वाट पाहा. पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर थांबायचं. बेसूर झालात तरी हरकत नाही. हे मी क्लासमध्ये कधी म्हणणार नाही, इथे म्हणते.

दुसरी गोष्ट म्हणजे बंद करणं. याच बर्नार्डींनी २००६च्या एका प्रयोगात २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात सतारीवरचा रागही होता, आणि मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली. त्या शांततेत हृदयगती आणि रक्तदाब सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली गेले. दिवसभर कानात काहीतरी खोचून फिरणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. शेवटचं गाणं संपल्यावर लगेच दुसरं सुरू होणारी सोय बंद करून ठेवा.

पावसाचा, पंख्याचा, ओढ्याचा आवाज लावून झोपणारे असतात. त्याचं काम मुख्यतः झाकण्याचं. दार आपटलं, हॉर्न वाजला तर तो आवाज त्यात बुडून जातो आणि आपण दचकत नाही. त्यासाठी तो हळूच हवा, पण एकसारखा हवा. मध्येच मेघगर्जना घातलेलं ध्वनिमुद्रण कुणी आणि का केलं असेल, देव जाणे. आवाजाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवावी, मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत.

आता ४३२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४३२ कंपनांचा सूर. हे विचारल्याशिवाय एक आठवडा जात नाही. वाद्यं जुळवायला ४४० हर्ट्झ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९५५ साली ठरलं. त्याऐवजी ४३२ वापरलं की मन शांत होतं, असा दावा असतो. दोन्हींत फरक अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आमच्याकडे कुणी पेटीच्या काळी एक पट्टीत गातो, कुणी पांढरी पाचमध्ये, ज्याचा त्याचा सा वेगळा. त्या एका आकड्यात एवढी जादू असती, तर तो सोडून बाकी सगळ्या पट्ट्यांत गाणारे एव्हाना बेचैन होऊन उठून गेले असते. दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडून डोक्यात तिसरं स्पंदन ऐकवणारा बायनॉरल प्रकार मात्र खरा आहे. ते स्पंदन हेडफोन लावले तर ऐकू येतंच. त्यानं चिंता जाते का, यावरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्हाला बरं वाटत असेल तर ऐका, त्यासाठी पैसे मोजू नका.

आणि काही जण ओशाळत सांगतात, की आम्हाला संगीत आवडतच नाही, काही होतच नाही ऐकून. यात ओशाळण्यासारखं काही नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ साली अशा लोकांचा अभ्यास केला. कान उत्तम, सूर-ताल कळतो, पैसे जिंकले की इतरांसारखाच आनंद होतो, फक्त संगीतानं काही होत नाही. अशा एका गृहस्थांनी मला विचारलं होतं की गुणगुणणं तरी करू का? मी म्हटलं, करून पाहा, तो निम्मा श्वासाचाच व्यायाम आहे, आणि कंटाळा आला तर सरळ चालायला जा.