24 पैकी 5 स्लीपर शाबूत

अमेरिकेच्या केंद्रीय रेल्वे नियमांत एक तरतूद वाचून हबकायला होतं. जुन्या जोडरुळाची लांबी 39 फूट, आणि त्याखाली साधारण 22 ते 24 लाकडी स्लीपर. त्यांतले 5 जरी शाबूत असले तरी सरळ मार्गावर तो रूळ 'क्लास 1' म्हणून पास होतो. मग त्यावरून मालगाडी ताशी 10 मैलांनी, म्हणजे आपल्या 16 किलोमीटरने, बिनदिक्कत न्यायची. ते पाच एका कोपऱ्यात गोळा झालेले मात्र चालत नाहीत, आणि रुळाच्या जोडापासून 24 इंचांच्या आत एक तरी धड हवाच. बाकीच्यांत बोट घातलं तर भुसा निघाला तरी कायदा गप्प.

याच्या खालीही एक पायरी आहे, 'एक्सेप्टेड' (excepted), म्हणजे नियमांतून वगळलेल्या मार्गाची. तिथे स्लीपर मोजतच नाहीत. रुळांमधलं अंतर तेवढं बघतात: मूळ गेज 56½ इंच, ते फाकत फाकत 58¼ इंचांपर्यंत गेलं तरी चालतं. बदल्यात अटी अशा की वेग 10 मैलांच्या वर न्यायचा नाही, प्रवासी गाडी चालवायची नाही, आणि गाडीत धोकादायक मालाच्या पाचपेक्षा जास्त वाघिणी घ्यायच्या नाहीत. हा मार्ग 'एक्सेप्टेड' आहे हे टाइमटेबलात किंवा लेखी आदेशात स्पष्ट लिहावं लागतं. आपला रूळ बाद आहे, असं रेल्वेने स्वतःच्या सहीने जाहीर करायचं!

आणि असल्या रुळावर चालतं काय? एकूण वजन 2,86,000 पौंड, म्हणजे जवळपास 130 टनांची वाघीण. चार एक्सल, प्रत्येकावर 32 टनांहून जास्त भार. आपल्या नव्या मालवाहू कॉरिडॉरवर 25 टनांच्या एक्सलचं कौतुक चालतं. इथे मक्याच्या शेतामागे गवतात बुडालेला रूळ 32 टन सोसतो. पूल झेपणारा हवा आणि ड्रायव्हरला घाई नको, एवढंच.

अशा छोट्या रेल्वेंना इथे शॉर्ट लाइन म्हणतात. देशभरात सहाशेच्या आसपास आहेत. रेल्वेवरची सरकारी बंधनं सैल करणाऱ्या 1980 च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना न परवडणारे फाटे विकणं सोपं झालं आणि छोट्या मालकांनी ते उचलले. काही त्याच्या कितीतरी आधीच्या. पेनसिल्व्हेनियातली स्ट्रासबर्ग रेल्वे 1832 च्या सनदेवर आजही चालते आणि तिची लांबी अवघी साडेचार मैल. पर्यटकांसाठी वाफेची इंजिनं, आणि त्याच रुळावर मालाचंही काम. (ती प्रवाशांना नेते, म्हणजे तिचा रूळ वर सांगितलेल्या बाद पंगतीतला नाही, हे आपलं न्यायाला धरून.)

रोजचं काम दोन माणसांचं. इथे ड्रायव्हरला इंजिनियर म्हणतात, तेव्हा 'मुलगा अमेरिकेत इंजिनियर आहे' हे वाक्य जरा तपासून घ्यावं. दुसरा कंडक्टर. तो तिकिटं फाडत नाही. सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) बदलतो, वाघिणी जोडतो-तोडतो, कागद सांभाळतो, आणि गाडीचा प्रमुख तोच.

सकाळ इंजिनापासून सुरू होते. बऱ्याच ठिकाणी ते जीपी38-2 असतं, 1970-80 च्या दशकांतलं, 2000 अश्वशक्तीचं, 16 सिलिंडरचं. थंड इंजिन थेट चालू करायचं नाही. प्रत्येक सिलिंडरला एक छोटी चाचणी-झडप असते; सोळाच्या सोळा उघडून इंजिन नुसतं फिरवायचं आणि बघायचं. एखादीतून पाणी उडालं तर हेडला (सिलिंडरच्या टोपणाला) तडा किंवा लायनरला (आतल्या अस्तराला) गळती. तसंच चालू केलं तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी नसेल तर झडपा बंद, इंधनाचा पंप काही सेकंद चालवून नळ्या भरायच्या, मग स्टार्टर. या इंजिनांच्या पाण्यात अँटिफ्रीझ घालत नाहीत, कारण ते गळून वंगणात मिसळलं तर बेअरिंगं खातं. म्हणून कडाक्याच्या थंडीत इंजिन रात्रभर तसंच धडधडत ठेवतात; शेजारी बोंबलतात. बंद पडलंच आणि पाणी गोठायच्या बेताला आलं, तर एक झडप आपोआप उघडून शेकडो लिटर पाणी जमिनीवर सोडते. सकाळी इंजिनाखाली बर्फाची लादी दिसली की समजायचं, आजचा अर्धा दिवस पाणी भरण्यात गेला.

पुढे अदलाबदलीचा रूळ. मोठ्या कंपनीची गाडी रात्री तिथे वाघिणी सोडून गेलेली असते. त्या ताब्यात आल्या की परक्या वाघिणीचं भाडं तासाच्या हिशोबाने छोट्या रेल्वेच्या माथी बसतं, म्हणून त्या लवकर पोचवून रिकाम्या परत करण्याची घाई. वेगाची घाई नाही, तासांची घाई.

जोडणीचं काम सावकाशीचं. पन्नासेक फुटांवर थांबायचं, कपलरचा जबडा उघडा आहे ना बघायचं, चालत्या माणसाच्या गतीने टेकवायचं, आणि लगेच थोडं मागे ओढून खिट्टी पडली का तपासायचं. ब्रेकच्या हवेची नळी जोडायला कंडक्टरने दोन वाघिणींमध्ये शिरण्याआधी रेडिओवर 'थ्री स्टेप' मागायचं. ड्रायव्हर ब्रेक लावतो, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मधोमध आणतो, जनरेटरचं फील्ड बंद करतो म्हणजे चाकांना वीज जात नाही, आणि तसं बोलून दाखवतो. ते कानावर आल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. मग हवेची झडप हळूहळू उघडायची. एकदम उघडली तर पाइपातला दाब झपकन पडतो, सगळी गाडी इमर्जन्सी ब्रेक मारते आणि पुन्हा पहिल्यापासून हवा भरत बसावं लागतं.

ब्रेकची चाचणी अंतरावर ठरते. सुरुवातीपासून शेवटापर्यंत प्रवास 20 मैलांच्या आत असेल तर सवलत: गाडीच्या शेपटाला निदान 60 पीएसआय हवा (फौजदार नव्हे, दाब), 15 ने कमी करून प्रत्येक वाघिणीचे ब्रेक लागले का ते बाजूने चालत बघायचं. त्याहून लांब जायचं असेल तर पूर्ण चाचणी: 90 पीएसआयच्या आसपास भरायचं, 20 ने उतरवायचं, मिनिटाला 5 पेक्षा जास्त गळती नको, आणि लागलेले ब्रेक सुटतात का हेही बघायचं. पूर्वी वाघीण चार तास हवेविना उभी राहिली तरी चाचणी नव्याने करावी लागे. 2020 पासून ती मुदत 24 तासांची झाली.

रसायनाची किंवा गॅसची भरलेली टाकी असेल तर कितव्या जागी काय आहे याची यादी इंजिनात हवी, आणि एक वाघीण काढली-घातली की ती यादीही दुरुस्त व्हायला हवी. ती टाकी इंजिनाला चिकटून लावता येत नाही. गाडी लांब असेल तर सहाव्या जागेच्या आत नाही. आखूड असेल तर शक्य तेवढी मधोमध, आणि निदान एक साधी वाघीण आड हवीच.

मार्गावर सिग्नल नसतात. तोंडी किंवा लेखी परवानगी आणि डोळे, यांवरच सगळं चालतं. यार्डात आणि फाट्यावर नियम असा की नजरेच्या टप्प्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. फाटकाआधी 15 ते 20 सेकंद शिटी: दोन लांब, एक आखूड, एक लांब. फाटक म्हणजे तरी काय, कित्येक ठिकाणी नुसती फुलीची पाटी. आपण ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटकं 2019 च्या सुरुवातीपर्यंत संपवली, आणि रोज दोन कोटींच्या घरात माणसं वाहतो. हे इथल्या लोकांना सांगितलं की ते मान डोलावतात आणि विषय बदलतात.

खरं कसब कारखान्याच्या फाट्यावर. पशुखाद्याच्या गिरणीत मक्याची वाघीण ढकलत न्यायची आहे. इंजिन मागे, पुढचं ड्रायव्हरला काहीच दिसत नाही. पुढच्या टोकाला कंडक्टर, आणि तो रेडिओवर वाघिणींच्या लांबीत अंतर मोजतो. एक लांबी म्हणजे 50 फूट.

'दहा.' 'पाच.' 'तीन.' 'दोन.' 'एक.' 'अर्धी.' 'बस्स.'

यातली मेख अशी की 'दहा' ऐकल्यावर पुढचा आकडा आला नाही, तर ड्रायव्हरने पाच लांबींच्या आत थांबायचं. रेडिओची बॅटरी संपली असेल, माणूस घसरून पडला असेल, कारण विचारायचं नाही. आवाज नाही म्हणजे थांबा. आपल्याकडे शंटिंगला हिरवा-लाल झेंडा दिसतो तोवर चालतं. वळणावर झेंडा दिसेनासा झाला तर थांबायचं हा नियम आपल्याकडेही आहे, पाळणारेही आहेत. पण आकड्याच्या निम्म्यात थांबायचं, हे गणित इतकं साधं आणि इतकं बिनतोड आहे की ते कुणा ऑफिसातल्या माणसाने काढलं असेल असं वाटत नाही.

सांधा बदलला की कुलूप, काम झालं की पुन्हा मुख्य मार्गाला लावून कुलूप. हे विसरलं की काय होतं ते 2 नोव्हेंबर 2022 ला स्ट्रासबर्ग रेल्वेवर जगाने बघितलं. गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायला निघालेलं 475 क्रमांकाचं वाफेचं इंजिन फाट्यावर शिरलं आणि तिथे उभ्या खोदाई यंत्रावर आदळलं. इंजिनाचं तोंड फुटलं, माणसं वाचली. सांधा चुकीच्या बाजूला लागलेला होता.

वाघीण सोडताना हातब्रेक. हवेच्या भरवशावर सोडायचं नाही, कारण ब्रेक दाबून धरणारी वाघिणीतली हवाही हळूहळू गळते. त्यातही वाईट खोड म्हणजे झडप बंद करून वाघिणीत हवा कोंडून ठेवणं. ती सरकून ब्रेक आपसूक सुटू शकतो. म्हणून पाइपातली हवा पूर्ण जाऊ द्यायची, झडप उघडीच ठेवायची, हातब्रेकचं चाक साखळी ताठ होईपर्यंत फिरवायचं, आणि मग इंजिनाने हलकासा धक्का देऊन वाघीण जागची हलते का ते बघायचं. धक्का देताना बाकी कुठलाही ब्रेक लागलेला नको. 2013 च्या जुलैमध्ये कॅनडात क्युबेकमधल्या नाँत इथे अशाच एका छोट्या रेल्वेची कच्च्या तेलाच्या 72 टाक्यांची गाडी एकट्या माणसाने उतारावर उभी केली. हातब्रेक लावले सात, आणि चाचणी घेतली ती इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेले असताना. गाडी हलली नाही, म्हणून पुरे झालं असं वाटलं. रात्री इंजिनाला आग लागली, अग्निशमनवाल्यांनी ते बंद केलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा गळत गेली. ब्रेक सैल पडून गाडी आपोआप उताराला लागली, लाक-मेगाँतिक गावात घसरून पेटली आणि 47 माणसं गेली. आपल्याकडे उभ्या गाडीच्या चाकाखाली लाकडी ठोकळे आणि साखळीला कुलूप लावतात. त्याला मागासलेपणा म्हणून हसणाऱ्यांनी हे वाचावं.

माल उतरवायचं काम गिऱ्हाइकाचं, पण तिथेही खोडी असतात. लाकडाच्या फळ्या मधोमध भिंत असलेल्या सपाट वाघिणीतून येतात. एकाच बाजूच्या आधी काढल्या तर वाघीण दुसऱ्या अंगाला कलंडते; म्हणून दोन्हीकडून आळीपाळीने काढायच्या. फोर्कलिफ्टवाला नवा असेल तर कंडक्टर निघताना आठवण देतोच.

आणि रूळ फाकला तर? कुजलेल्या स्लीपरातून खिळे वर येतात, रूळ बाहेर सरकतो, चाक दोन रुळांच्या मध्ये टपकन खाली बसतं. 10 मैलांच्या वेगात बहुधा कुणाला खरचटतही नाही. लाकडी ठोकळे आणि चाकाला वर चढवणारे लोखंडी चढ लावायचे, इंजिनाने इंचाइंचाने ओढायचं, चाकं वर आली की सगळे सुस्कारा सोडतात. मग गेज-रॉड ठोकून रूळ तात्पुरता आवळायचा. दर आठवड्याला रुळावरही चालणाऱ्या पिकअपमधून तपासणी व्हावीच लागते, पण स्लीपर बदलायला पैसे लागतात आणि ते आठवड्याला येत नाहीत.

हे सगळं एका वाघिणीसाठी? हो, आणि इथेच आपलं दुखणं आहे. एका वाघिणीत सुमारे 100 टन माल, म्हणजे इथले चार-पाच ट्रक. गिरणीवाला आठवड्याला दोनच वाघिणी मागवतो आणि त्याला त्या मिळतात. आपल्या रेल्वेने 1980 च्या दशकात सुट्या वाघिणींची वाहतूक सोडून पूर्ण रेकचा, म्हणजे अख्ख्या गाडीचा धंदा धरला. आज मालधक्क्यावर सहसा बीसीएनच्या (बंद छपराच्या) चाळीस-बेचाळीस वाघिणी भरण्याइतका माल असेल तर या, नाहीतर ट्रक बघा. त्यात रेल्वेचं चुकलं असंही म्हणवत नाही. एकाच रुळावर राजधानी, लोकल आणि कोळसा धावतो, तिथे एका वाघिणीसाठी यार्डात तीन दिवस कोण घालवणार? इथे प्रवासी गाड्या दुर्मीळ, रूळ रिकामे, म्हणून हे चोचले परवडतात.

तरी शकुंतला आठवतेच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, 762 मिलिमीटरचा अरुंद मार्ग, खासगी कंपनीच्या मालकीचा, मुळात वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेला, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारा. रूळ खराब झाले, वेग उतरला, शेवटी गाड्या थांबल्या. ती प्रवाशांची गाडी होती, सरक्या-गाठींची राहिली नव्हती, त्यामुळे इथला 10 मैलांचा नियम तिला जसाच्या तसा लावता आला नसता. माणसं बसवली की कुजक्या स्लीपरांना माफी नाही, इथेही नाही. पण कापूस ताशी 16 किलोमीटरने गेला असता तर त्याने तक्रार केली नसती.